अंबादास मास्तरांची कात्रणे

अंबादास मास्तरांनी आपली चोरी स्वतः वाचून दाखवली. बाजाराचा दिवस होता, भर दुपार होती, पोलिसांचे अमीन समोर खुर्चीवर बसले होते आणि मास्तर उभे राहून, वर्गात उतारा वाचावा तशा स्वच्छ उच्चारांत, स्वल्पविरामाला थोडे आणि पूर्णविरामाला पुरते थांबत, वाचत होते. मी त्यांच्यापासून दोन हातांवर होतो. या गोष्टीला आता पन्नासाहून अधिक वर्षे झाली. माझे केस गेले, दात गेले, निजामाचे राज्यही गेले. परंतु ती दुपार काही गेली नाही.

त्यांच्याविषयी लिहावे असे आजवर मनात आले नव्हते. परवा माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे पत्र आले. ती पुण्यात चित्रपटांचा अभ्यास करते. असा अभ्यास शिकवणारे वर्ग असतात, हे मला तिच्यामुळेच समजले. तिने लिहिले होते, ‘आमचे अध्यापक म्हणतात, सिनेमावर प्रेम करणाऱ्याला सिनेमाचा अभ्यास करता येत नाही; ते प्रेम वर्गाबाहेर ठेवून या. तुम्हाला काय वाटते?’ मी मराठीचा शिक्षक. सिनेमातले मला फारसे कळत नाही. पण अभ्यास आणि प्रेम ही दोन्ही ज्याने एकाच हातात धरली आणि त्यापायी स्वतःचा हात कापून घेतला, असा एक माणूस मी जवळून पाहिला आहे.

बीड जिल्ह्यातल्या माजलगावी आमची शाळा होती. शाळेला मदरसा म्हणत. शिकवणे उर्दूतून चाले आणि मराठी हा एक विषय असे. तो माझ्याकडे होता. गणित आणि चित्रकला अंबादास मास्तरांकडे. ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, उंच, मानेपाशी किंचित वाकलेले. मूळचे चकलांब्याचे, शिंप्याचे चिरंजीव. वडिलांचे दुकान सोडून शिकले, मास्तर झाले. पण समोर माणूस आला की त्यांची नजर आधी त्याच्या एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाई. नव्या हेडमास्तरांची ओळख करून दिली तेव्हा ते अदबीने वाकले आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, “डावा खांदा बोटभर खाली हाय. कोट आंगाला बसला न्हाई तो त्यामुळं. शिंप्याला नावं ठेवत असतील उगं.”

त्यांचा आवडता शब्द ‘कावून’. आमच्याकडे ‘का’ या अर्थी तो सर्रास वापरतात, पण मास्तरांच्या तोंडी तो हत्यारासारखा असे. मुलाने बरोबर उत्तर दिले तरी ते विचारत, “कावून?” मुलगा गडबडून उत्तर बदलत असे. मग मास्तर म्हणत, “आरं, बरोबर व्हतं की! बदललंस कावून?”

थंडी सरता सरता सिंदफणेच्या कोरड्या पात्रात सिनेमाचा तंबू येत असे. त्या काळचे चित्रपट मुके होते. पडद्याशेजारी उभा राहून एक मनुष्य गोष्ट सांगे आणि पेटी-तबला वाजत असे. गावात तो तंबू म्हणजे तमाशाचाच एक प्रकार मानला जाई. शाळेतल्या माणसाने तिथे जाणे शोभत नसे. मास्तर पहिल्या दिवशी गेले, दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्याही दिवशी गेले. चौथ्या दिवशी हेडमास्तरांनी मला गुपचूप पाठवले: “देशमाने, बघून या. बाईचा नाद असेल तर आत्ताच कळलेलं बरं.”

मी गेलो. आत जे दिसले त्याने चकित होऊन मी दारातच थबकलो. सारा तंबू पडद्याकडे तोंड करून बसला होता आणि अंबादास मास्तर पहिल्या रांगेपुढे, पडद्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून बसले होते. मांडीवर वही. लोकांच्या चेहऱ्यांवर पडद्याचा उजेड हलत होता आणि मास्तर त्या चेहऱ्यांकडे पाहून काहीतरी टिपून घेत होते.

“काय बे मास्तर, सिनेमा तिकडं हाय!” मागून कोणी ओरडले.

“तुमी बघा तिकडं. मी तुमाला बघतो,” मास्तर शांतपणे म्हणाले.

बाहेर पडल्यावर त्यांनी मला समजावून सांगितले. पहिला खेळ पाहायचा. दुसरा मोजायचा. तिसऱ्या खेळानंतर पाहणारे पाहायचे. “पाहिलं म्हंजे कळलं असं न्हाई, देशमाने. लोक कुठं रडले ते मी लिवून ठिवलंय. आता उद्या बघायचं, त्यांच्या रडायच्या आधी पडद्यावर काय व्हतं. ज्या चित्राला रडू येतं, त्या चित्रानं रडवलेलं नसतं. आधीच्या चित्रानं रडवलेलं असतं.”

हेडमास्तरांना मी कळवले, की बाई नाही, वही आहे. त्यांना ते अधिक चिंतेचे वाटले.

ती वही मी नंतर अनेकदा पाहिली. चित्रपटातला प्रत्येक तुकडा तीत क्रमाने मांडलेला असे: अंक, शेजारी अंगठ्याएवढे रेखाचित्र, आणि तो किती वेळ टिकला याची नोंद. हा वेळ ते स्वतःच्या नाडीच्या ठोक्यांवर मोजत. ज्या जागी एक दृश्य संपून दुसरे लागते, त्या जागेला ते ‘शिवण’ म्हणत. चांगली शिवण दिसत नाही, हे त्यांचे ठाम मत. ज्याअर्थी लोकांना चित्रपट अखंड वाटतो, त्याअर्थी कोणीतरी फार चांगला शिंपी असला पाहिजे. आणि त्या शिंप्याचे नाव पडद्यावर का येत नाही, याचे त्यांना वाईट वाटे.

त्या वर्षीच्या चित्रपटात एक राजा होता. तो दुसरी राणी आणतो आणि पहिलीला महालातून घालवतो. पहिली राणी दारापर्यंत जाते, उंबऱ्याशी थांबते आणि एकदाच मागे वळून पाहते. तेवढ्या वळून पाहण्यासाठी माणसे पुन्हा पुन्हा तंबूत जात. पडद्याच्या अलीकडे पुरुष बसत. पलीकडे, त्याच ओल्या कापडाच्या मागच्या बाजूस, स्त्रिया बसत. कापड ओले असल्याने उजेड त्यातून पलीकडे जाई, त्यामुळे चित्र दोन्ही बाजूंना दिसे. मास्तरांनी वहीत नोंदवले होते, की राणी वळली की पुरुष रडतात. पण त्याच क्षणी पलीकडून रडणे ऐकू येत नाही. उलट टाळी ऐकू येते. हे काय असावे? त्यांना दोन दिवस झोप लागली नाही. शेवटी त्यांनी गोदाकाकूंना, म्हणजे आपल्या पत्नीला, माझ्यासमोरच विचारले.

“तुमी बाया टाळ्या पिटता कावून? बिचारी घर सोडून चालली अन् तुमाला आनंद?”

“मंग काय रडायचं?” काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या. “सुटली की बिचारी त्या तोतयाच्या हातून.”

“तोतया? कोण तोतया?”

“आवो, त्यो राजा! खरा राजा न्हाईच त्यो. डाव्या हातानं विडा देतंय, डाव्या हातानं तांदूळ टाकतंय देवावर. राजघराण्यातला माणूस असं करील का? आमी समद्या बायांनी पहिल्याच दिशी वळखलं.”

मास्तर उठून उभे राहिले. पडद्याच्या मागून चित्र उलटे दिसते. उजवा हात डावा होतो. एवढी साधी गोष्ट; पण तिच्यामुळे एकाच तंबूत, एकाच वेळी, एकाच कापडावर दोन निरनिराळ्या कथा चालल्या होत्या, आणि मधल्या कापडाला त्याचा पत्ता नव्हता. “देशमाने,” ते म्हणाले, “मी बावीस पानं लिवली. ती अर्ध्याच गावाची हायत.” त्या दिवसापासून काकूंची साक्ष वहीत नियमाने येऊ लागली. काकू कधी वैतागून म्हणत, “मेला सिनेमा बघू बी देत न्हाईत, परीक्षाच घेतात.”

हे वेड शाळेत शिरणार हे उघड होते. एकदा मोहतमिमसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे मोठे अधिकारी, न कळवता आले. मास्तरांचा वर्ग रिकामा. मुले नदीकाठी सापडली. फुटलेल्या पाट्यांच्या नुसत्या लाकडी चौकटी डोळ्यांपुढे धरून तीस मुले वेगवेगळ्या दिशांना तोंडे करून उभी होती. साहेब स्तंभित झाले.

“मास्टरसाहब, ये क्या तमाशा है?”

मास्तरांनी सलाम केला आणि शेजारच्या मुलाला विचारले, “काय दिसतं चौकटीत?”

“म्हैस.”

“पुरी?”

“न्हाई. तोंड भायेर ऱ्हायलं.”

“तोंड हाय हे तुला कसं कळलं बे? दिसत तर न्हाई.”

मुलाने चौकट खाली करून मास्तरांकडे कीव आल्यासारखे पाहिले. “शेपूट हाय म्हंजे तोंड आसंलच की, मास्तर!”

मोहतमिमसाहेब मोठ्याने हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, “मगर ये सबक किताब में कहाँ है?”

“साहेब,” मास्तर म्हणाले, “आजून कुनी लिवला न्हाई.”

साहेबांनी शेऱ्यात काय लिहिले ते मला ठाऊक नाही. पण मास्तरांना त्या खेपेला शिक्षा झाली नाही.

आता उस्मानभाईंविषयी सांगितले पाहिजे. ते तंबूतले मशीन चालवत. औरंगाबादचे, बुटके, अंगात कायम तीच काळी बंडी, घरी बायको आणि तीन मुली. मशीन हाताने फिरवायचे असे. हात थांबला तर चित्र थांबे, आणि चित्र थांबले तर दिव्याच्या उष्णतेने फीत पेटत असे. म्हणून त्यांचा एक हात मुठीवर आणि दोन्ही डोळे ज्योतीवर. फीत जुनी, ती वारंवार तुटे. तुटली की दोन्ही टोकांची एक-दोन चित्रे कापून टाकायची, टोके खरवडायची आणि उग्र वासाच्या एका द्रवाने ती चिकटवायची. हे काम दिवसा, तंबूच्या दाराशी चाले. मास्तर सुटीच्या दिवशी तिथे जाऊन बसू लागले. एके दिवशी उस्मानभाईंनी त्यांच्या हाती कात्री दिली. मास्तरांनी एकदाच कापले.

“वाह!” उस्मानभाई म्हणाले. “तुम्हारा हात तो एकदम सीधा है, मास्तर. मेरा तो टेढा जाता.”

“पिढ्यांचा हाय,” मास्तर म्हणाले. आणि खाली पडलेले ते चित्रांचे दोन चिमटीएवढे तुकडे उचलून विचारले, “हे?”

“ले जाव, ले जाव. मेरे किस काम के?”

शिंप्याच्या घरी कापड बेतून उरलेले कात्रण शिंप्याचे असते. गिऱ्हाईक ते मागत नाही आणि शिंपी ते विचारत नाही. त्याच्या गोधड्या होतात, बाहुल्या होतात. मास्तर या रिवाजात वाढले होते. त्यांनी ते तुकडे खिशात घातले, तेव्हा ते चोरी करत नव्हते. हे मी आजही शपथेवर सांगेन. प्रश्न पुढचा आहे.

काही दिवसांनी मधल्या सुटीत त्यांनी मला वर्गाच्या खिडकीशी नेले आणि एक वीतभर फीत उजेडासमोर धरली. एक शिपाई हात उचलतो आहे, अशी एकाखाली एक चित्रे होती. “मोजा,” ते म्हणाले. “हात कवा हलतो?”

“सहाव्या चित्रात.”

“अन् डोळा?”

मी पुन्हा पाहिले. डोळा चौथ्याच चित्रात वळला होता.

“आधी डोळा जातो, मंग हात. माणसाचं असंच असतं, पर आपल्याला दिसत न्हाई. घरी जाऊन आरशापुढं बघा.”

मी घरी जाऊन पाहिले. खरे होते. त्या आनंदात माझ्या मनात एक प्रश्न आला नाही: तुटलेल्या टोकाची दोन-चार चित्रे मिळतात, ही वीतभर फीत कुठून आली? मुलांच्या वहीत एक चुकीचा काना मला दहा हातांवरून दिसे. हे मला दिसले नाही.

पुढच्या वर्षी तोच चित्रपट घेऊन तोच तंबू आला. काही दिवस माजलगावी राहून नारायणगडच्या जत्रेला गेला आणि जत्रा संपल्यावर पुन्हा आमच्याकडे आला. परतल्यावरच्या पहिल्याच खेळात गोंधळ झाला. राणी महालातून निघाली, दाराकडे चालली, आणि एकदम जंगल! ती वळलीच नाही. उंबरा, थांबणे, मागे पाहणे, सारे नाहीसे. लोक उठून उभे राहिले. “राणी कुठं हाय बे? राणी दाखवा!” कोणी खुर्ची फेकली.

तंबूचे मालक मोतीशेट यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी सारी फीत तपासली, आणि केवळ दाराजवळचाच नव्हे तर आणखीही तुकडे ठिकठिकाणी गेलेले त्यांना आढळले. त्यांनी अमीनसाहेबांना बोलावले, उस्मानभाईंना पुढे उभे केले. मी आणि अंबादास मास्तर बाजारातून येत होतो. गर्दी पाहून आत गेलो.

“पोरांना विकतोस तू तुकडे,” मोतीशेट म्हणत होते. “आजपासून मशीनला हात लावायचा न्हाई. अन् या धंद्यात दुसरा कुणी तुला उभा करील तर माझं नाव बदलीन.”

“मैं नै बेच्या, सेठ. बच्चियों की कसम. मेरेकू दूसरा काम भी नै आता.” उस्मानभाईंचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

आणि इथे मी बोललो. केवळ मदतीच्या भावनेने बोललो. “अमीनसाहेब, अंबादास मास्तरांच्या वहीत प्रत्येक तुकड्याची नोंद आहे. कोणता कधी होता आणि कधी नाहीसा झाला, हे त्यावरून ठरेल. उस्मानभाई निर्दोष असतील तर सुटतील.”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. गणित सोडवता सोडवता शेवटची पायरी दुसऱ्यानेच सांगावी, तसे काहीसे होते. “बरोबर बोलला तुमी,” ते म्हणाले. “आणतो.”

ते घरी जाऊन वही, एक कापडी बटवा आणि एक जुने धोतर घेऊन आले, धोतर जमिनीवर अंथरले आणि उभ्याने वाचू लागले. “तुकडा सातवा. शिपाई हात उचलतो. वीतभर. मजपाशी. तुकडा एकोणिसावा. दासी दिवा लावते. चार बोटं. मजपाशी.” पहिल्या ‘मजपाशी’ला कोणाला अर्थ लागला नाही. दुसऱ्याला लागला. तिसऱ्याला उस्मानभाई मटकन खाली बसले. मास्तर वाचत राहिले. प्रत्येक नोंदीनंतर बटव्यातून कागदात गुंडाळलेला, अंक घातलेला एक तुकडा काढून ते अंथरलेल्या धोतरावर ठेवत होते. असे चौदा तुकडे झाले. बाहेर बाजारात पुकारले जाणारे भाव आत तंबूत ऐकू येत होते.

“मास्तर,” उस्मानभाई खालूनच म्हणाले, “कैंची मैं तुम्हारे हात में दिया था. ईमान समझ के दिया था.”

“व्हय,” मास्तर म्हणाले. “आमच्या घरी कात्रण शिंप्याचं असतं. कात्रण कुठं संपतं अन् कापड कुठं सुरू होतं, ते मला कळलं न्हाई. न्हाई, कळलं. कळल्यावर बी कापलं.”

अमीनसाहेब वयस्क गृहस्थ होते. त्यांनी ते सुबक तुकडे पाहिले, वही चाळली आणि मोतीशेटना म्हणाले, की माल जसाच्या तसा परत येतो आहे. मास्तरांकडून माफीनामा लिहून घ्या आणि मिटवा. मोतीशेटचाही आवाज खाली आला होता. ते धोतराजवळ वाकले, तुकडे उलटसुलट पाहिले. मग म्हणाले, “अन् दाराजवळचा? राणी वळती तो? तो कुठाय?”

तो त्या चौदांत नव्हता.

मास्तरांनी वहीचे पान उलटले. तिथल्या नोंदीवर बोट ठेवून ती वाचली. मग त्यांनी मान वर करून उस्मानभाईंकडे पाहिले. उस्मानभाईंचा हात छातीवर, बंडीच्या खिशावर होता. मीही तो पाहिला आणि मला वाटले, बिचाऱ्याच्या छातीत कळ आली असावी.

“तो मी जाळला,” मास्तर म्हणाले.

“काय?”

“फीत जळती कशी, ते पाह्यचं व्हतं. म्हणून जाळला.”

लोकांनी चोरी ऐकून घेतली होती. हे त्यांना ऐकवले नाही. ज्या क्षणासाठी सारा गाव रडत आला, तो या मनुष्याने काडी लावून पाहिला! कोणी त्यांची टोपी उडवली. अमीनसाहेबांनी माफीनाम्याचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि थंड आवाजात म्हणाले, की हे आता शाळाखात्याकडे जाईल. मी मास्तरांकडे पाहत होतो. ज्या माणसाने चौथ्या चित्रातला डोळा मला दाखवला, तो हाच का? ते माझ्याजवळून गेले तेव्हा मी तोंड फिरवले. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिले पाहिजे.

महिन्याच्या आत त्यांची नोकरी गेली. उस्मानभाई कामावर राहिले. चौदा तुकडे त्यांनी जागच्या जागी चिकटवले. मास्तर काकूंना घेऊन चकलांब्याला निघाले, त्या दिवशी मी शाळेत होतो आणि मुलांना शुद्धलेखन घालत होतो. निरोप द्यायला गेलो नाही.

त्यानंतर चार वर्षांनी शाळेचे जुने कपाट रिकामे करताना ती वही निघाली. चौकशीसाठी ती शाळेत जमा झाली होती. सवयीने मी ती पानामागून पान वाचू लागलो. त्या दाराजवळच्या तुकड्याच्या पानावर येऊन थांबलो. जत्रेला जाण्यापूर्वीच्या शेवटच्या खेळाची नोंद होती: ‘आहे. पुरा.’ जत्रेहून परतल्यावरच्या पहिल्या खेळाची नोंद होती: ‘नाही.’ आणि पुढे, पेन्सिलने, मोठ्या अक्षरांत: ‘कावून?’ याखाली वेगळ्या शाईने, घाईत, लिहिले होते: ‘मजपाशी होता. जाळला.’

मी खुर्चीत बसलो. स्वतः घेतलेल्या वस्तूबद्दल कोणी ‘कावून’ असे विचारत नाही. आणि तंबू जत्रेत होता ते सगळे दिवस मास्तर शाळेत माझ्या शेजारी बसून वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत होते. हे तर मला पहिल्याच दिवशी आठवायला हवे होते. त्या वहीत शेकडो नोंदी होत्या. त्यांत एकच खोटी होती, आणि तेच खोटे खरे मानून मी एका माणसाकडे पाठ फिरवली होती.

पुढच्या सुटीत मी चकलांब्याला गेलो. वाटेत बीडला एक मुक्काम केला. चकलांब्यात मास्तरांचे घर शोधावे लागले नाही. रस्त्यावरच्या पडवीत ते शिलाईयंत्रावर बसले होते. केस पिकले होते. मला पाहून उठले, नजर माझ्या एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेली. “वाळलात तुमी, देशमाने. बसा.” आत हाक मारली, “आगं, च्या टाक. माजलगाव आलंय.”

मी वही त्यांच्यापुढे ठेवली, ते पान उघडून. “ही नोंद खोटी आहे.”

“हाय.”

“मास्तर, कावून?”

ते थोडे हसले. मग यंत्रावरचे कापड बाजूला सारून बोलू लागले. एका दमात बोलले. त्यांना इतके सलग बोलताना मी पूर्वी ऐकले नव्हते.

“तो तुकडा उस्मानच्या खिशात व्हता. मला तितंच कळलं, त्यानं छातीवर हात ठिवला तवा. आधी माझं बी डोकं फिरलं. मी चौदांची चोरी कबूल करतोय अन् हा पंधरावा दाबून बसलाय! सांगनारच व्हतो. मंग ध्यानात आलं. मी तो सिनेमा अकरा येळा पाहिलता. माजलगावानं पाहिला, जत्रेनं पाहिला. त्यानं एकदाबी न्हाई. हात मुठीवर, डोळे दिव्यावर. डोळा काढला तर तंबू जळंल. आपून ‘राणी, राणी’ करून रडायचो, ते त्याला नुसतं ऐकू यायचं. रोज. मी घेतलं ते अभ्यासाला घेतलं. त्यानं घेतलं ते बघायला घेतलं, देशमाने. एकदा, उन्हात धरून, सावकाश. माझ्या चुकीपायी माझी मास्तरकी गेली. मला शिवायला येतं. त्याला काय येतं?”

“पण त्याने बोलायला नको होते का?”

“तीन पोरी हायत त्याला,” एवढेच ते म्हणाले.

काकूंनी चहा आणून ठेवला. तो घ्यायचेही मला सुचत नव्हते. काहीतरी द्यावे म्हणून मी बीडची हकिगत सांगितली. बीडला आता सिनेमाचे पक्के घर झाले होते, तंबू गेला होता, आणि उस्मानभाई तिथेच मशीन चालवत होते. मी त्यांना भेटून आलो होतो. त्यांनी मास्तर कसे आहेत असे विचारले होते आणि उत्तर ऐकण्यापूर्वीच मान खाली घातली होती.

मास्तरांनी हे सारे ऐकले. मग विचारले, “मशीनला येगळी खोली केली का?”

“हो. भिंतीच्या आत.”

“भिंतीला भोकं किती?”

“दोन. एकातून उजेड जातो.”

“अन् दुसरं?”

“दुसरी लहान खिडकी आहे. मशीन चालवणाऱ्याला पडदा दिसावा म्हणून.”

मास्तर पुढे वाकले. “कितीक उंचीवर?”

मी हाताने माझ्या हनुवटीपाशी दाखवले.

“उस्मान बुटका हाय,” ते काळजीने म्हणाले. “पोचतो का तितवर?”

“पायाखाली लाकडी पेटी घेतात. मी गेलो तेव्हा खेळ चालू होता. ते पेटीवर उभे होते आणि खिडकीला डोळे लावून पाहत होते. मी आत आलेला त्यांना कळलेही नाही.”

“ज्योतीकडं कोण बघत व्हतं मंग?”

“आता विजेचा दिवा आहे, मास्तर. आणि मशीनही आपोआप फिरते.”

“आसं,” ते म्हणाले. आणि आणखी एकदा, स्वतःशीच, “आसं.”

मग त्यांनी कापड पुन्हा पुढे ओढले, सुई घेतली आणि दोरा ओवू लागले. तो काही जाईना. त्यांनी टोक ओठांत ओले केले, उजेडाकडे तोंड फिरवले, पुन्हा प्रयत्न केला. मी उठून नमस्कार केला, पायऱ्या उतरलो आणि रस्त्यावर येऊन वळून पाहिले. ते तसेच बसले होते, सुई डोळ्यांशी धरून. दोरा अजून बाहेरच होता, आणि ते तिच्या भोकातून उजेडाकडे पाहत होते.